सरासरीचा पाऊस आणि पावसाची सरासरी

एकाच आकड्यावर देशाचे कृषी नियोजन बेतले जाते. मात्र त्या आकड्याभोवतीची तफावत ध्यानात घेतली नाही, तर 'सर्वसाधारण' वर्षातही शेतकऱ्याच्या पदरी दुष्काळ पडतो.

दरवर्षी एप्रिलच्या मध्यास भारतीय हवामानशास्त्र विभाग नैर्ऋत्य मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करतो आणि त्यातील एक आकडा दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांचे मथळे व्यापतो. हा आकडा शंभराच्या आसपास असला, की शेअर बाजारापासून बियाणे कंपन्यांपर्यंत सर्वत्र समाधान व्यक्त होते. नव्वदीच्या खाली घसरला, तर महागाईची आणि पाणीटंचाईची चर्चा सुरू होते. सप्टेंबरअखेर हिशेब मांडतानाही हाच आकडा प्रमाण मानला जातो. पाऊस सरासरीच्या इतके टक्के झाला, एवढे सांगितले की हंगामाचे सार सांगून झाले, असा सर्वसाधारण समज आहे.

या समजुतीची किंमत कोणाला मोजावी लागते, हे २०२३ आणि २०२५ या दोन हंगामांनी दाखवून दिले. २०२३ मध्ये देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. आकडा काही हाहाकार माजवणारा नव्हता. तरीही महाराष्ट्र सरकारला त्याच वर्षी ४० तालुक्यांत दुष्काळ आणि पाठोपाठ १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. २०२५ मध्ये देशातील पाऊस सरासरीच्या १०८ टक्के होता. शेतीप्रधान देशाला आनंद वाटावा, असा हा आकडा. प्रत्यक्षात सप्टेंबरमधील अतिवृष्टीने मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात उभी पिके आणि सुपीक माती वाहून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर करणे भाग पडले.

दोन्ही वर्षांचे आकडे खोटे नव्हते. ते अपुरे होते. संख्याशास्त्रात कोणत्याही माहितीचे वर्णन करताना दोन प्रश्न विचारले जातात. माहितीचा मध्य कोठे आहे, हा पहिला. त्या मध्याभोवती माहिती किती पसरली आहे, हा दुसरा. सार्वजनिक चर्चेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या अक्षरांत छापले जाते आणि दुसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

'सरासरी' म्हणजे नेमके काय?

हवामान विभाग ज्या सरासरीशी तुलना करतो, ती 'दीर्घकालीन सरासरी' म्हणून ओळखली जाते. पन्नास वर्षांतील जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या पावसाची बेरीज करून तिला पन्नासने भागले, की ही संख्या मिळते. ती अढळ नाही. १९५१ ते २००० या काळासाठी ती ८९ सेंटीमीटर होती, १९६१ ते २०१० या काळासाठी ८८ सेंटीमीटर झाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये १९७१ ते २०२० हा काळ आधारभूत धरल्यावर ती ८७ सेंटीमीटरवर आली. नेमकेपणाने सांगायचे तर ८८०.६ मिलिमीटरची ८६८.६ मिलिमीटर झाली.

बारा मिलिमीटरचा हा फरक किरकोळ वाटतो. परंतु समजा, एखाद्या वर्षी देशात ८३५ मिलिमीटर पाऊस झाला. जुन्या सरासरीनुसार तो ९५ टक्के, म्हणजे 'सर्वसाधारणपेक्षा कमी' ठरला असता. नव्या सरासरीनुसार तोच पाऊस ९६ टक्के, म्हणजे 'सर्वसाधारण' ठरतो. आकाशातून पडलेल्या पाण्यात एका थेंबाचाही फरक नाही, पण वर्गवारी बदलते. मोजपट्टी बदलणे गैर नाही. हवामान बदलते, तसे आधारवर्षही बदलावे लागते. मात्र मोजपट्टी बदलली आहे, याची जाणीव वाचणाऱ्याला असायला हवी.

दोन दशके, वीस आकडे

२००१ ते २०१० या दशकातील देशाच्या पावसाचे प्रमाण दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीत, पूर्णांकात मांडल्यास अनुक्रमे असे दिसते : ९२, ८१, १०२, ८६, ९९, १००, १०६, ९८, ७८ आणि १०२. २०१६ ते २०२५ या दहा वर्षांचे आकडे असे आहेत : ९७, ९५, ९१, ११०, १०९, ९९, १०६, ९४, १०८ आणि १०८. प्रत्येक आकडा त्या त्या वेळी प्रचलित असलेल्या सरासरीच्या तुलनेत आहे. त्यामुळे एक-दोन टक्क्यांची उणीअधिक गृहीत धरावी लागेल.

पहिल्या दशकाची बेरीज ९४४ येते, म्हणजे सरासरी ९४.४. हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार ९६ ते १०४ टक्के पाऊस 'सर्वसाधारण' मानला जातो. त्या निकषावर हे अख्खे दशकच सर्वसाधारणपेक्षा कमी पावसाचे ठरते. आता तेच दहा आकडे चढत्या क्रमाने लावू : ७८, ८१, ८६, ९२, ९८, ९९, १००, १०२, १०२, १०६. मधोमध येणारे दोन आकडे ९८ आणि ९९. त्यांच्या मधली संख्या ९८.५. शालेय पाठ्यपुस्तकांत यालाच 'मध्यक' म्हणतात. मध्यकाच्या दृष्टीने हे दशक सर्वसाधारण पावसाचे होते.

एकाच दशकाविषयी ही दोन भिन्न उत्तरे कशी? याचे कारण २००२ आणि २००९ या दोन वर्षांत आहे. या दोन तीव्र दुष्काळांनी सरासरीला खाली खेचले. ती दोन वर्षे वगळली, तर उरलेल्या आठ वर्षांची सरासरी ९८.१ येते, म्हणजे जवळपास मध्यकाइतकीच. सरासरी प्रत्येक आकड्याचे वजन अंगावर घेते, म्हणून टोकाच्या आकड्यांनी ती हलते. मध्यक केवळ क्रम पाहतो, म्हणून तो स्थिर राहतो. यांपैकी एक खरा आणि दुसरा खोटा, असे नाही. सामान्यतः वर्ष कसे गेले, याचे उत्तर मध्यक देतो. दहा वर्षांत एकूण पाणी किती मिळाले, याचे उत्तर सरासरी देते. धरणातील साठ्याचा विचार करणाऱ्याला सरासरी हवी, पुढच्या हंगामात काय पेरावे हे ठरवणाऱ्याला मध्यक अधिक उपयोगी पडेल.

तफावतीचे मोजमाप

दुसऱ्या दहा वर्षांची बेरीज १,०१७, सरासरी १०१.७ आणि मध्यक १०२.५ आहे. दोन्ही आकडे जवळजवळ आहेत आणि दोन्ही सर्वसाधारण पावसाच्या कक्षेत बसतात. वरवर पाहता याहून समाधानकारक चित्र असू शकत नाही. परंतु मूळ यादीकडे पुन्हा पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. या दहा वर्षांत १०० ते १०५ टक्क्यांच्या दरम्यान पाऊस एकदाही झालेला नाही. ज्या सरासरीच्या आधारे समाधान मानायचे, तिच्या जवळपासचे एकही वर्ष प्रत्यक्षात उगवले नाही. चार वर्षे ९१ ते ९७ मध्ये, एक ९९ वर आणि उरलेली पाच १०६ ते ११० मध्ये गेली. 'सर्वसाधारण' म्हणता येईल अशी वर्षे दोनच होती : २०१६ आणि २०२१.

म्हणूनच मध्याबरोबर तफावतही मोजावी लागते. त्यासाठी सर्वांत सोपे माप म्हणजे विस्तार : सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान आकडा वजा करणे. पहिल्या दशकात तो १०६ उणे ७८, म्हणजे २८ येतो. दुसऱ्या कालखंडात ११० उणे ९१, म्हणजे १९. हे माप सोपे असले, तरी ते केवळ दोन टोके पाहते. मधल्या आठ वर्षांत काय घडले, याची दखल ते घेत नाही.

ती दखल घेणारे माप म्हणजे प्रमाण विचलन. प्रत्येक वर्षाचा आकडा सरासरीपासून किती दूर आहे, हे प्रथम काढले जाते. काही अंतरे धन येतात, काही ऋण, आणि त्यांची बेरीज नेहमी शून्यच होते. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करतात. २०१६ ते २०२५ या काळात ९१ टक्क्यांचे वर्ष सरासरीपासून १०.७ ने खाली आहे, त्याचा वर्ग ११४.४९. ११० टक्क्यांचे वर्ष ८.३ ने वर आहे, त्याचा वर्ग ६८.८९. अशा दहाही वर्गांची बेरीज ४६८.१ होते. तिला नऊने भागल्यास सुमारे ५२ येतात आणि त्यांचे वर्गमूळ ७.२. दहाऐवजी नऊने भागण्याचे कारण असे की, सरासरी याच दहा आकड्यांवरून काढलेली आहे. अंतरांची बेरीज शून्य असल्याने नऊ अंतरे कळली की दहावे आपोआप ठरते. स्वतंत्र माहिती नऊच अंतरांची असते. दीर्घ कालखंडातील एक नमुना म्हणून या दहा वर्षांकडे पाहायचे, तर हीच रीत योग्य ठरते.

याच पद्धतीने पहिल्या दशकाचे प्रमाण विचलन ९.७ येते. म्हणजे २०१६ नंतरची दहा वर्षे अधिक पावसाची आणि कमी चढउतारांची ठरतात. परंतु येथेही सावध राहावे लागते. पहिल्या दशकात दहापैकी पाच वर्षे सर्वसाधारण होती आणि तीन वर्षी पाऊस ९० टक्क्यांच्या खाली गेला. दुसऱ्या कालखंडात ९० टक्क्यांच्या खाली एकही वर्ष गेले नाही, पण सर्वसाधारण वर्षे दोनच राहिली. तफावतीचे मापही एकाच आकड्यात सारे सांगू शकत नाही. शिवाय दहा आकड्यांवरून हवामानाच्या दीर्घकालीन प्रवृत्तीचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

महिन्यांचा हिशेब

वर्षावर्षांतील तफावतीपेक्षा एकाच हंगामातील तफावत शेतकऱ्याला अधिक जाचते. २०२३ मध्ये जूनमध्ये सरासरीच्या ९१ टक्के, जुलैमध्ये ११३, ऑगस्टमध्ये ६४ आणि सप्टेंबरमध्ये ११३ टक्के पाऊस झाला. तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. या चार टक्केवारींची सरळ सरासरी ९५.२५ येते. हंगामाचा अधिकृत आकडा मात्र ९४ आहे. याचे कारण चारही महिन्यांचा वाटा सारखा नाही. जूनमध्ये सरासरी १६५.३ मिलिमीटर, जुलैमध्ये २८०.५, ऑगस्टमध्ये २५४.९ आणि सप्टेंबरमध्ये १६७.९ मिलिमीटर पाऊस अपेक्षित असतो. प्रत्येक महिन्याला त्याच्या वाट्याप्रमाणे वजन दिले, की बेरीज सुमारे ८२० मिलिमीटर होते आणि ती ८६८.६ च्या ९४ टक्के भरते.

हिशेब चोख जुळला, पण सोयाबीन किंवा तुरीच्या रोपाला हा हिशेब कळत नाही. फुलोऱ्याच्या काळात तीन आठवडे पाण्याचा ताण बसला, तर सप्टेंबरमधील जादा पावसाने तो भरून निघत नाही. सरासरी काढताना कमतरतेची भरपाई अतिरेकाने होते. शेतात तसे होत नाही. तेथे कमतरता आणि अतिरेक ही दोन वेगवेगळी नुकसाने असतात आणि त्यांची बेरीजच होते.

प्रदेशांचा हिशेब

जे काळाचे, तेच स्थळाचे. जून ते सप्टेंबर या काळात कोकण आणि गोव्यात सरासरी सुमारे २,९०० मिलिमीटर, विदर्भात ९४०, मध्य महाराष्ट्रात ७५० आणि मराठवाड्यात ६४० मिलिमीटर पाऊस पडतो. या चार आकड्यांची सरळ सरासरी १,३०० मिलिमीटरच्या वर जाते. मध्यक येतो ८४५. एकट्या कोकणामुळे सरासरी इतकी फुगते, की उरलेल्या तिन्ही विभागांत तेवढा पाऊस पडतच नाही. क्षेत्रफळानुसार वजन दिले, तर राज्याची सरासरी एक हजार मिलिमीटरच्या आसपास येते. तीही मराठवाड्याच्या वास्तवापासून बरीच दूर आहे.

एका शहरातही ही तफावत किती असू शकते, हे मुंबईकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याची नोंद सुमारे ७३ मिलिमीटर होती. दोहोंची सरासरी पाचशेच्या वर जाते, पण तेवढा पाऊस या दोहोंपैकी कोठेही झाला नव्हता. त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या ९९ टक्के, म्हणजे सर्वसाधारण होता.

क्षेत्र जितके मोठे, तितकी स्थानिक कमीअधिक एकमेकांत मिसळून जाते आणि तफावत लहान दिसते. म्हणूनच देशपातळीवरील पावसाचे प्रमाण विचलन दीर्घकालीन सरासरीच्या सुमारे दहा टक्के असले, तरी तालुक्याच्या पातळीवर ते कितीतरी अधिक असते. देशाचा अंदाज अचूक ठरला, तरी तालुक्याचे भवितव्य त्यातून कळत नाही.

विम्याचा उंबरठा

हा विषय केवळ शास्त्रीय चर्चेचा राहिलेला नाही. पीक विम्याची भरपाई थेट सरासरीवर अवलंबून आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत गेल्या सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढली जाते आणि तिला ठरावीक जोखीमस्तराने गुणून 'उंबरठा उत्पन्न' निश्चित होते. विमा क्षेत्राचे चालू हंगामातील सरासरी उत्पादन या उंबरठ्याखाली गेले, तरच भरपाई मिळते.

उदाहरणादाखल एका महसूल मंडळाचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन १४, ६, १२, १५, ९, १३ आणि ११ क्विंटल धरू. सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी १३ क्विंटल येते. जोखीमस्तर ७० टक्के असेल, तर उंबरठा ९.१ क्विंटल ठरतो. आता चालू हंगामात मंडळातील पाच प्रयोगांत अनुक्रमे १४, १२, १०, ७ आणि ३ क्विंटल उत्पादन आले, असे समजू. त्यांची सरासरी ९.२. उंबरठ्याहून ती किंचित वर असल्याने मंडळात कोणालाच भरपाई नाही. ज्याच्या शेतात हेक्टरी तीनच क्विंटल पिकले, त्यालाही नाही. या पाच आकड्यांचे प्रमाण विचलन ४.३ क्विंटल आहे, म्हणजे सरासरीच्या जवळपास निम्मे. इतकी तफावत असताना एका सरासरीने सर्वांचा निकाल लावणे कितपत न्याय्य, हा प्रश्न उरतोच. २०२५ च्या खरीप हंगामापासून महाराष्ट्राने भरपाईची मदार प्रामुख्याने पीक कापणी प्रयोगांवर ठेवल्याने या प्रश्नाची धार वाढली आहे.

गंमत अशी की, पीक कापणी प्रयोगांना शास्त्रीय बैठक देण्यात एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक नमुना निवडीवर आधारित पीक कापणी पद्धतीचा पाया घातला. डॉ. वि. गो. पानसे यांच्यासमवेत लिहिलेला कृषी संख्याशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ पुढे पिढ्यान् पिढ्या अभ्यासला गेला. नमुना पद्धतीचा गाभाच असा आहे, की अंदाजासोबत त्यातील संभाव्य चूकही सांगितली पाहिजे. विम्याच्या व्यवहारात अंदाज तेवढा घेतला गेला आणि चुकीची मर्यादा मागे राहिली.

पुढे काय?

सरासरी टाकून द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. तिच्याशिवाय ना धोरण आखता येईल, ना तुलना करता येईल. २०२३ मध्ये दुष्काळसदृश मंडळे ठरवताना ७५ टक्क्यांहून कमी पाऊस आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस, असे दोन निकष एकत्र लावले गेले, ही योग्य दिशा होती. पावसातील खंडाचे दिवस मोजणे, हेही त्याच दिशेचे पाऊल आहे. ज्या मंडळात उत्पादनाची तफावत एका मर्यादेपलीकडे जाते, तेथे विम्याचे क्षेत्र लहान करणे किंवा प्रयोगांची संख्या वाढवणे, ही पुढची पायरी ठरावी.

हवामान विभाग आपल्या एप्रिलमधील अंदाजासोबत पाच टक्के कमीअधिकची मर्यादा न चुकता सांगतो. मथळ्यात मात्र ती येत नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये ९६ टक्क्यांचा अंदाज होता आणि पाऊस ७८ टक्के झाला. मर्यादेपलीकडे जाणारी अशी वर्षे थोडी असतात, पण शेतकऱ्याचे कर्ज याच वर्षांत थकते आणि सरकारची तिजोरीही याच वर्षांत रिकामी होते. त्यामुळे पुढील हंगामाचा अंदाज आल्यावर टक्केवारीच्या आकड्याशेजारी आणखी तीन प्रश्न मांडावे लागतील : हा पाऊस कोणत्या महिन्यांत, कोणत्या भागांत आणि किती चढउतारांसह पडणार आहे. त्यांची उत्तरे एप्रिलमध्ये पूर्णपणे मिळणार नाहीत. तरीही मदतीचे आणि विम्याचे निकष ठरवणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय पेरणीचा हंगाम सुरू होऊ देऊ नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.